ब्रेमार की काउल?

किल्ट घातलेला धिप्पाड गडी विजेच्या खांबाएवढा ओंडका उलटवतोय, असा फोटो दिसला की आपण तो ब्रेमारचा धरून चालतो. बॅगपाइपवाल्यांची पथकं दिसली तरी ब्रेमारच. स्कॉटलंडमध्ये असे मेळे उन्हाळाभर गावोगावी भरतात. त्यांतले ब्रेमार गॅदरिंग आणि काउल हायलँड गॅदरिंग हे दोन मात्र फार सहज एकमेकांत मिसळतात. तारखाही खेटून येतात: काउल ऑगस्टच्या अखेरीस, ब्रेमार सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी.

ब्रेमार हे केर्नगॉर्म डोंगरांतलं छोटं गाव. अकराव्या शतकात राजा माल्कमने चपळ निरोप्या निवडायला इथल्या टेकडीवर शर्यत लावली, असं सांगतात. गोष्ट छान आहे, पण ती दंतकथाच समजावी. कागदोपत्री सुरुवात होते 1815 मध्ये, तीही खेळांनी नाही. गावातल्या सुतारांनी आजारी माणसं, म्हातारे आणि विधवांना मदत करण्यासाठी एक मंडळ काढलं. त्याची वर्षातून एकदा मिरवणूक निघे. पुढे 1832 मध्ये ओंडका, हातोडा, दगडफेक आणि धावणं यांना रोख बक्षिसं लागली. 1848 मध्ये जवळच्या बालमोरल या राजघराण्याच्या वाड्यावर आलेली राणी व्हिक्टोरिया मेळ्याला हजर राहिली आणि 1866 मध्ये मंडळाच्या नावामागे 'रॉयल' लागलं. याच ब्रेमारमध्ये 1715 साली मारच्या अर्लने ब्रिटनच्या गादीवरच्या हॅनोव्हर घराण्याविरुद्ध बंडाचं निशाण उभारलं होतं, आणि व्हिक्टोरिया त्याच घराण्यातली! ब्रेमारच्या लौकिकात ओंडक्यापेक्षा बालमोरलच्या शेजाराचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. राजघराणं आजही तिथे येतं, आणि कॅमेरे मैदानाइतकेच त्यांच्या मंडपाकडे वळलेले असतात.

काउलची गोष्ट समुद्राकाठची. काउल हा द्वीपकल्प, मेळा भरतो तो क्लाइडच्या खाडीवरच्या डनून गावात. ग्लासगोच्या कामगारांची कुटुंबं सुट्टीत आगबोटीने इथे हवा खायला येत. मेळा सुरू झाला 1894 मध्ये. त्याला राजाची दंतकथा नाही, आणि त्याचं काही अडलेलंही नाही.

1906 हे साल दोन्हीकडे महत्त्वाचं, आणि तिथेही गोंधळाची सोय आहे. त्या वर्षी ब्रेमारच्या मेळ्याला कायमचं मैदान मिळालं. जागा ड्यूक ऑफ फाइफची, त्याची पत्नी राजकुमारी लुईझ. त्याच वर्षी काउलला पाइप बँडची स्पर्धा सुरू झाली. तिच्यासाठी बक्षिसाची ढाल देणारी आर्गाइलची डचेस, तीही राजकुमारी लुईझ. या दोघी आत्या-भाची.

मैदानातला फरक मात्र ठळक आहे. ब्रेमार एका दिवसाचं, आणि त्यात वजनदार खेळांना मान. ओंडका किती लांब पडला हे तिथे मोजत नाहीत. तो उलटून सरळ समोर, घड्याळात बारा वाजतात त्या दिशेला पडला पाहिजे; जरा कलला की गुण गेले. दगडफेकीतला 'ब्रेमार स्टोन' धावत न येता, जागेवर उभं राहून फेकायचा.

असे खेळ काउललाही होतात, पण तिथला जीव नाचात आहे. हायलँड नृत्याची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथेच होते, आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडहून मुली (मुलगे कमी) त्यासाठी येतात. कधीकाळी पुरुषांचा असलेला हा नाच आता बहुतांशी मुलींचा झाला आहे. फ्लिंग या नाचात नर्तिकेने जागा सोडायची नसते, तलवारनृत्यात जमिनीवरच्या तलवारीला पाय लागायला नको. तीन दिवस हे चालतं.

ऑगस्टच्या शेवटी तिकडे असाल तर गूरॉकहून फेरीने डनूनला जा आणि आठवड्याने ब्रेमार गाठा. एकच जमणार असेल तर माझं मत काउलला. ब्रेमारला जायचंच असेल तर राहायची सोय फार आधी करा, गाव अगदीच लहान आहे.