वायरलेस उपकरण विकायचंय? ईटीएसाठी पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर, टाकीतल्या पाण्याची पातळी कळवणारं यंत्र, गुरांच्या गळ्यातला ट्रॅकर. असं काही तुम्ही बनवत असाल आणि ते रेडिओ लहरींवर चालत असेल, तर बाजारात आणण्याआधी ईटीए, म्हणजे इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल, घ्यावं लागतं. ते दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून, म्हणजे रेडिओ लहरींचं नियोजन पाहणाऱ्या शाखेकडून, मिळतं.

छोट्या उद्योगासाठी परवानामुक्त बँडची, म्हणजे ज्या लहरी वापरायला वेगळा परवाना लागत नाही अशा पट्ट्यांची, वाट फार मोलाची आहे. २०२२ च्या ५जी लिलावात १,५०,१७३ कोटी रुपयांचा स्पेक्ट्रम, म्हणजे रेडिओ लहरी वापरण्याचा हक्क, विकला गेला आणि बोली लावणारे होते अवघे चार. पुण्या-नाशिकच्या दहा-वीस माणसांच्या कंपनीला तिथे उभं राहणंही शक्य नाही. परवानामुक्त बँडमध्ये मात्र लिलाव नाही, स्पेक्ट्रमचं शुल्कही नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ २००५ मध्ये असे खुले झाले, ५ गिगाहर्ट्झमधले ६०५ मेगाहर्ट्झ २०१८ मध्ये. २०२१ मध्ये ८६७ ची हद्द ८६८ पर्यंत सरकली. एका मेगाहर्ट्झची ही वाढ कागदावर किरकोळ दिसते, पण सेन्सरवाल्यांसाठी ती दीडपट जागा आहे. नव्या खेळाडूला शिरकाव हवा असेल तर असे पट्टे वाढतच राहिले पाहिजेत, असं मला ठामपणे वाटतं.

अर्जाआधी एक गोष्ट नीट तपासा: मॉड्यूल, म्हणजे यंत्रातला रेडिओचा तयार भाग, कोणत्या वारंवारतेवर चालतं? ऑनलाइन स्वस्तात मिळणारी बरीच लोरा (कमी विजेवर थोडा डेटा दूर पाठवणारं रेडिओ तंत्र) मॉड्यूल अमेरिकेसाठी ९१५ मेगाहर्ट्झवर लावलेली असतात. आपल्याकडे ८९० ते ९१५ मेगाहर्ट्झमध्ये मोबाइल फोन टॉवरशी बोलतात, त्यामुळे तिथे प्रक्षेपण चालणार नाही. युरोपचं मॉड्यूलही जसंच्या तसं वापरू नका. त्याचे नेहमीचे चॅनेल ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५ वर असतात, म्हणजे आपल्या हद्दीच्या जरासे बाहेर. भारतासाठीचे लोरावॅनचे, म्हणजे लोरावर चालणाऱ्या नेटवर्कच्या मानकाचे, ठरलेले चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ आहेत. या बँडमध्ये ट्रान्समीटरची शक्ती १ वॅट आणि अँटेनासह विकिरित शक्ती ४ वॅटच्या आत हवी.

अर्ज उत्पादक, आयातदार किंवा अधिकृत प्रतिनिधी करू शकतो. परदेशी कंपनीला भारतातला प्रतिनिधी नेमावा लागतो.

कागदपत्रांत कंपनीची नोंदणी, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र, उपकरणाची तांत्रिक माहिती (वारंवारता, शक्ती, मॉड्युलेशन) आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा आरएफ (रेडिओ लहरींची) चाचणी अहवाल तयार ठेवा. खरी मेहनत या अहवालापाशी आहे. अहवालावरचं मॉडेल नाव आणि अर्जातलं नाव अक्षरशः जुळायला हवं. एक डॅश इकडचा तिकडे झाला तरी पुढे कस्टम्समध्ये माल अडकू शकतो. तयार मॉड्यूल वापरत असाल तर विक्रेत्याकडून त्याचा ईटीए क्रमांक आणि चाचणी अहवाल खरेदीआधीच मागून घ्या.

अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर भरायचा. आधी कंपनीचं खातं, मग मॉडेलची माहिती, अहवाल अपलोड आणि शुल्क. परवानामुक्त बँडमधल्या बऱ्याच उपकरणांसाठी २०१९ पासून स्व-घोषणेची सोय आहे. त्यात दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत, प्रमाणपत्र पोर्टलवरूनच निघतं. अर्थात, भरलेल्या माहितीची पूर्ण जबाबदारी तुमची. शुल्क आणि अर्जाचे नमुने भरण्याच्या दिवशी पोर्टलवरच पाहा, कारण २०२३ च्या दूरसंचार कायद्याखालचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

ईटीए मिळालं म्हणून लहर तुमच्या मालकीची होत नाही. परवानामुक्त बँड सगळ्यांचा सामाईक असतो. शेजारच्या यंत्राने अडथळा आणला तर संरक्षण मागता येत नाही, आणि तुमच्या यंत्रामुळे परवानाधारकाला त्रास झाला तर माघार तुम्हालाच घ्यावी लागते.

आयओटी गेटवे (सेन्सरांचा डेटा इंटरनेटवर पोहोचवणारं यंत्र) किंवा ट्रॅकिंग उपकरण असेल तर टीईसी या दूरसंचार विभागाच्या तांत्रिक केंद्राचं एमटीसीटीई, म्हणजे सक्तीच्या चाचणीचं, प्रमाणपत्र वेगळं लागतं. नुसतं यंत्र न विकता त्यावर एम२एम (यंत्रांनी यंत्रांशी संपर्क साधण्याची) सेवा देणार असाल, तर फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दूरसंचार विभागाकडे नोंदणीही करावी लागते. संशोधनासाठी परवानामुक्त पट्ट्याबाहेर प्रक्षेपण करायचं असेल, तर त्याच सरल संचारवर प्रायोगिक परवान्याचा अर्ज करा आणि परवाना हातात येईपर्यंत ट्रान्समीटर सुरू करू नका.