अवयवरोपणानंतरचे त्वचाविकार

मूत्रपिंड, यकृत, हृदय किंवा फुफ्फुसाचे रोपण झाले की परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांच्यामुळे त्वचेवर जे जे उद्भवते ते या नोंदीत येते. १९५४ साली बॉस्टनमध्ये पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपण झाले ते एकरूप जुळ्या भावांत, त्यामुळे तिथे हा प्रश्नच आला नाही.

सुरुवातीच्या महिन्यांत दिसतात ते औषधांचेच परिणाम. स्टेरॉइडने चेहरा गोल होतो, छाती-पाठीवर मुरमे उठतात, जरा लागले तरी काळेनिळे डाग पडतात. सायक्लोस्पोरिनने अंगावरची लव दाट होते, हिरड्या फुगतात. टॅक्रोलिमसने उलट केस गळू शकतात. हे किरकोळ मानण्याची चूक करू नये. आरशातल्या चेहऱ्याला कंटाळून तरुण रुग्ण गोळ्या चुकवतात आणि ते रोपलेल्या अवयवावर बेतते.

नागीण, गजकर्ण, शिबे हे ओळखीचेच संसर्ग, पण इथे पसरतात जास्त आणि हटतात उशिरा. खरजेला कधीकधी खाजच नसते. नुसत्या जाड खपल्या धरतात, म्हणून ती सोरायसिस समजली जाते.

खरी धास्ती काही वर्षांनी येणाऱ्या कर्करोगाची. एरवी त्वचेच्या कर्करोगांत बेसल सेल प्रकार जास्त आढळतो. रोपणानंतर स्क्वॅमस सेल प्रकार पुढे जातो. गोऱ्या कातडीच्या रुग्णांत त्याचा धोका इतरांच्या ६५ ते २५० पट सांगितला जातो. अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध तर कातडीला अतिनील किरणांपुढे आणखी हळवी करते. हाताच्या पाठीवर चामखिळींची दाटी असते. त्यातलीच एक बुडाशी टणक होते, दाबली की दुखते, भराभर वाढते. तिचा तुकडा तपासायलाच हवा. सावळ्या कातडीत हा कर्करोग कमी, पण झाला तर कपड्यांखालच्या, गुप्तांगाजवळच्या भागातही होतो, आणि नेमकी ती जागा तपासणीत राहून जाते. कापोसी सार्कोमा या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून उद्भवणाऱ्या कर्करोगाचे जांभळट डाग मात्र औषधे कमी केल्यावर किंवा सिरोलिमस या त्याच गटातल्या दुसऱ्या औषधावर आणल्यावर बरेचदा ओसरतात.

अस्थिमज्जारोपणात गणित उलटे. तिथे दात्याच्या पेशीच रुग्णाच्या त्वचेवर हल्ला चढवतात: आधी तळहात, तळपाय, कानांवर लाल पुरळ, पुढे जुनाट रूपात कातडी इतकी आवळते की कोपर सरळ होत नाही. इथे प्रतिकारशक्ती आणखी दाबावी लागते.