ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे

स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट हातात येतो. तळाशी लिहिलेलं असतं, ‘इन्व्हेसिव्ह कार्सिनोमा, ग्रेड ३’. डॉक्टरांची भेट अजून व्हायची असते. तोवर हा आकडा नातेवाइकांच्या फोनवर फिरतो आणि फिरता फिरता त्याची ‘तिसरी स्टेज’ होते. मग कुणी रजा टाकून निघतं, कुणी ‘आता ऑपरेशनचा काय उपयोग’ असा परस्पर निकालही देऊन टाकतं. प्रत्यक्षात गाठ दीड सेंटिमीटरची असू शकते, काखेतल्या ग्रंथी स्वच्छ असू शकतात आणि स्टेज पहिली असू शकते. ग्रेड ३ आणि स्टेज १ एकत्र असण्यात काहीही विसंगत नाही. रोज असे रुग्ण येतात.

ग्रेड हा कॅन्सरच्या पेशींचा स्वभाव. स्टेज ही त्यांनी मारलेली मजल. स्वभाव तापट असला म्हणून मजल लांबची असेलच असं नाही, आणि थंड स्वभावाच्या पेशीही वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर बऱ्याच पुढे जातात.

ग्रेड ठरवतो पॅथॉलॉजिस्ट, सूक्ष्मदर्शकाखाली. तो तीन गोष्टी पाहतो. दूध वाहून नेणाऱ्या निरोगी नलिकांसारखी रचना पेशींनी कितपत टिकवली आहे, त्यांची केंद्रकं आकाराने किती वेडीवाकडी झाली आहेत, आणि ठरावीक क्षेत्रात किती पेशी विभाजन होताना दिसतात. प्रत्येकाला १ ते ३ गुण. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर ग्रेड २, ८ किंवा ९ आली तर ग्रेड ३. यात एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे: सगळ्यात कमी गुण शून्य नसून ३ आहेत. त्यामुळे रिपोर्टवर ‘६/९’ दिसलं की दोन तृतीयांश वाटोळं झालं असा हिशेब करू नये. ती मधली ग्रेड आहे. आणि या पद्धतीत ग्रेड ४ नसतेच.

ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ साली मांडलेली ही पद्धत एल्स्टन आणि एलिस यांनी १९९१ मध्ये अधिक काटेकोर केली. म्हणून कुठे ‘नॉटिंगहॅम ग्रेड’ तर कुठे ‘मॉडिफाइड ब्लूम-रिचर्डसन’ असं लिहिलेलं आढळतं. दोन वेगळे रिपोर्ट, दोन वेगळे आजार असं समजून घाबरायचं कारण नाही.

स्टेज मात्र काचपट्टीवर दिसत नाही. ती ठरते तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून: गाठ केवढी, लसिका ग्रंथींपर्यंत कॅन्सर पोचला का, आणि शरीरात दूर कुठे गेला का. हीच ती टी-एन-एम पद्धत. २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ टी१, २ ते ५ सेंटिमीटरची टी२, ५ च्या वरची टी३. त्वचेवर जखम किंवा सूज आणणारी किंवा छातीच्या भिंतीत शिरलेली गाठ टी४, मग ती आकाराने कितीही लहान असो. यासाठी डॉक्टरांची बोटं, मॅमोग्राफी, काखेची सोनोग्राफी आणि पुढे ऑपरेशनमध्ये काढलेल्या ग्रंथी लागतात. लवकर सापडलेल्या, काहीही त्रास नसलेल्या प्रत्येक रुग्णाला पेट-सीटी (सगळ्या शरीराचा स्कॅन) करावाच लागतो असं नाही. तो सांगितला नाही म्हणजे डॉक्टर निष्काळजी, हा निष्कर्ष चुकीचा.

काखेबद्दल एक गैरसमज फार खोल रुतलेला आहे. ‘काखेत गेला’ म्हणजे ‘पसरला’, आणि ‘पसरला’ म्हणजे चौथी स्टेज, अशी साखळी मनात तयार होते. चौथी स्टेज म्हणजे हाडं, यकृत, फुप्फुस, मेंदू अशा दूरच्या ठिकाणी कॅन्सर पोचणं. त्याच बाजूच्या काखेतल्या एकदोन ग्रंथींत तो सापडला आणि गाठ ५ सेंटिमीटरपर्यंतची असली, तर आकार आणि ग्रंथींच्या हिशेबाने स्टेज दुसरीच असते, आणि तिथे उपचार पूर्ण बरं करण्याच्याच उद्देशाने होतात.

आता थोडी गुंतागुंत. २०१८ पासून लागू झालेल्या टी-एन-एमच्या आठव्या आवृत्तीत स्तनाच्या कॅन्सरची स्टेज काढताना ग्रेड आणि रिसेप्टर तपासण्यासुद्धा (पेशींमध्ये इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे रिसेप्टर आणि हर-२ हे प्रथिन किती आहे ते पाहणाऱ्या) धरायला सुरुवात झाली. म्हणजे गाठीचा आकार आणि ग्रंथी तेवढ्याच असल्या, तरी इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह आणि ग्रेड १ असलेल्या बाईची स्टेज खाली येऊ शकते, तर ट्रिपल निगेटिव्ह (म्हणजे या तिन्ही तपासण्या निगेटिव्ह) आणि ग्रेड ३ असलेलीची वर सरकू शकते. एकाच फाइलमध्ये दोन वेगळ्या स्टेज लिहिलेल्या दिसल्या तर बहुधा कारण हेच. एक जुन्या, शरीररचनेच्या हिशेबाने काढलेली असते, दुसरी या नव्या. ‘यातली कोणत्या पद्धतीची?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

उपचारांवर ग्रेड आणि स्टेज यांचा प्रभाव सारखा नाही. आधी ऑपरेशन की आधी केमो, स्तन वाचवता येईल का, रेडिएशन लागेल का, यात मजल फार महत्त्वाची. ग्रेडचा आवाज ऐकू येतो तो सीमारेषेवर: गाठ लहान, ग्रंथी स्वच्छ, रिसेप्टर पॉझिटिव्ह, मग हार्मोनच्या गोळ्यांवर भागेल की केमोही हवी? तिथे ग्रेड ३ पारडं केमोकडे झुकवते, तरी एकटी निर्णय घेत नाही. अशाच प्रसंगी २१ जनुकांची चाचणी वापरतात, आणि तिच्या निकालामुळे अनेकींची केमो टळते. केमोचा मारा वेगाने विभागणाऱ्या पेशींवर जास्त होत असल्याने ग्रेड ३ च्या गाठी तिला अनेकदा चांगला प्रतिसाद देतात, हेही सांगायला हवं. भीतीच्या गोंधळात ही बाजू कुणी सांगत नाही.

माझं मत विचाराल, तर दोन्हींपेक्षा आधी वाचण्यासारखी ओळ वेगळीच असते: ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर), पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) आणि हर-२. कोणतं औषध चालेल हे मुख्यतः तीच सांगते. पण तिथेही आकड्याचा सापळा आहेच. हर-२ चा निकाल ०, १+, २+ किंवा ३+ असा येतो, आणि ‘३+’ वाचून पुन्हा तिसऱ्या स्टेजची आवई उठते. त्याचा अर्थ एवढाच, की पेशींवर हर-२ प्रथिन भरपूर आहे आणि त्यावर नेम धरणारी ट्रॅस्टुझुमॅबसारखी औषधं वापरता येतील. २+ आलं तर उत्तर अर्धवट असतं, फिश नावाची पुढची चाचणी लागते. मॅमोग्राफीच्या रिपोर्टवरचा ‘बायरॅड्स ४’ (चित्रात किती संशयास्पद दिसतं त्याची श्रेणी) तर आणखी फसवा. तोवर कॅन्सर सिद्धही झालेला नसतो. संशय आहे, सुईने तुकडा काढून तपासा, एवढंच तो सांगतो. अशा बायोप्सींपैकी कित्येकींमध्ये साधी गाठ निघते.

दोन्ही आकडे बदलू शकतात, पण वेगवेगळ्या कारणांनी. बायोप्सीत गाठीचा दोऱ्याएवढा तुकडा येतो, त्यामुळे ग्रेड २ लिहिलेली गाठ ऑपरेशननंतर अख्खी तपासल्यावर ग्रेड ३ निघू शकते, किंवा उलटही होतं. आजार त्या दोन आठवड्यांत भडकला असा त्याचा अर्थ नाही. स्टेजसमोर येणारी अक्षरं ती कधी ठरवली हे सांगतात: ‘सी’ म्हणजे ऑपरेशनपूर्वी, तपासणीवरून, ‘पी’ म्हणजे ऑपरेशननंतर, काढलेल्या भागावरून, ‘वायपी’ म्हणजे आधी केमो वगैरे देऊन मग केलेल्या ऑपरेशननंतर. पुढे कधी आजार उलटला, तरी पहिल्या निदानाची स्टेज नोंदीत तशीच राहते. उलटलेल्या आजाराची नोंद वेगळी होते.

दुसरं मत घ्यायला जाताना हा फरक थेट कामाला येतो. ग्रेड पुन्हा तपासून घ्यायची तर प्रयोगशाळेतून मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि काचपट्ट्या मागून घ्याव्या लागतात. त्यावरून दुसरा पॅथॉलॉजिस्ट वर्षांनंतरही ग्रेड आणि रिसेप्टर नव्याने पाहू शकतो. स्टेजसाठी ब्लॉक पुरत नाहीत. त्यासाठी स्कॅनच्या सीडी, ऑपरेशनची नोंद, किती ग्रंथी काढल्या आणि त्यातल्या किती बाधित होत्या तो आकडा, आणि केमो आधी झाली असेल तर ती सुरू होण्यापूर्वी मोजलेला गाठीचा आकार सोबत न्यावा. हा शेवटचा आकडा जपून ठेवावा, कारण केमोने गाठ विरली की तो नव्याने मोजायची सोय उरत नाही.