पणजीत चित्रं पाहायला जाण्याआधी

सावंतवाडीहून पणजी दीड-दोन तासांवर. तळकोकणातल्या कुणाला शनिवार-रविवारात आजची चित्रकला, शिल्पं, मांडणशिल्पं पाहायची असतील तर मुंबईपेक्षा हे शहर कितीतरी सोयीचं. डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव असेल तर दोन दिवस पुरतही नाहीत. पण पणजीला चित्रं पाहायला जावं, ही गोष्ट तशी अलीकडची. त्याआधी कित्येक वर्षं गोव्याच्या चित्रकाराला गोवा सोडावाच लागत होता.

कारण साधं होतं: पोर्तुगीज राजवटीत इथे चित्रकला शिकवणारं महाविद्यालयच नव्हतं. सांग्याला १८७० साली जन्मलेले आंतोनियो शाव्हियर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३५ मध्ये मुंबईतच वारले. साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा जे. जे.मध्ये गेले. १९४२ च्या चळवळीतल्या सहभागावरून त्यांना तिथून काढलं. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा नव्या वळणाच्या चित्रकारांचा गट उभा करण्यात ते पुढे होते आणि दोन वर्षांत लंडनला निघून गेले.

मला सगळ्यात जास्त चटका लावते ती आंजेलो द फोन्सेका यांची हकिगत. सांत इस्तेव्हचा हा माणूस बंगालात जाऊन अवनींद्रनाथ टागोरांकडे शिकला. परतल्यावर त्याने मेरी रंगवली ती साडीतली, सावळी, आपल्याच गावातली वाटावी अशी. परक्या सत्तेखालच्या गोव्यात ते अनेकांना सोसलं नाही. फोन्सेका पुण्याला गेले, तिथल्या ख्रिस्ती आश्रमात राहून रंगवत राहिले आणि १९६७ मध्ये गेले. आज त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर सेंटर या इतिहास-संशोधन संस्थेत आहे. पणजीहून मांडवीचा पूल ओलांडला की पर्वरी. ज्या कलेला गावात जागा नव्हती ती अशी परत आली. दोन दिवसांत एकच ठिकाण पाहता येणार असेल तर मी हेच सुचवीन, फक्त चित्रं पाहायला मिळतील का ते आधी विचारून घ्यावं. त्रिंदादांची चित्रंही परतली आहेत, पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या फुंदासांव ओरियेंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत.

१९६१ ला गोवा मुक्त झाला आणि चित्र पालटायला लागलं. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली. मांडवीकाठची तिची वास्तू चार्ल्स कोरिया यांची. १९७२ मध्ये गोवा कला महाविद्यालय सुरू झालं, आणि माझ्या मते खरा बदल घडला तो इथे. मडगावचे लक्ष्मण पै जे. जे.मध्ये शिकून पॅरिसला दहा वर्षं राहिलेले. १९७७ ते १९८७ ते या महाविद्यालयाचे प्राचार्य होते. जगभर नाव झालेला चित्रकार घरच्या मुलांना शिकवायला परत आला, हे गोव्यात पूर्वी घडलं नव्हतं. आल्तिनोच्या टेकडीवर हे महाविद्यालय आहे, आणि २००९ पासून सुनापरांत हे कलाकेंद्रही तिथेच.

महोत्सव आला २०१६ मध्ये. त्याला जागा मिळाली ती शहरातल्या मोकळ्या झालेल्या इमारतींत. वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला हललं, तेव्हा मांडवीकाठची त्याची जुनी इमारत उरली. २००० मध्ये विधानसभा पर्वरीला गेली आणि आदिलशहाचा वाडाही रिकामा झाला. रुग्णांच्या खोल्या नि सरकारी दालनं चित्रांना इतकी मानवतात हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं: उंच छत, जाड भिंती, नदीकडून येणारा उजेड.

तेरेखोल नदीच्या अलीकडे, आपल्या कोकणात, सावर्डे आणि देवरूखला चित्रकला शिकवणाऱ्या संस्था आहेत, पिंगुळीत चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी आहे, सावंतवाडीत हाताने रंगवलेल्या पत्त्यांची गंजिफा आहे. पण तिथे शिकलेल्या मुलांना चित्रं मांडायची झाली तर आजही बहुतेकदा मुंबईचीच वाट धरावी लागते. रत्नागिरी किंवा सावंतवाडीतली एखादी जुनी वास्तू वर्षातून महिनाभर त्यांना मिळावी, अशी माझी फार इच्छा आहे.