हौशी मोटारशर्यत : मालिकेची निवड आणि त्यातील आनंद

हौशी मोटारशर्यत म्हणजे नोकरी, दुकान, दवाखाना सांभाळून, स्वतःच्या खिशातले पैसे घालून मान्यताप्राप्त ट्रॅकवर किंवा परवानगीने बंद केलेल्या मार्गावर खेळला जाणारा मोटारींचा खेळ. एका नियमावलीखाली, ठराविक वर्गातल्या गाड्यांसाठी वर्षभरात काही फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीचे गुण मिळतात आणि शेवटी त्यांची बेरीज करून विजेता ठरतो. फेऱ्यांच्या या संचाला मालिका म्हणतात. नवा माणूस बहुधा आधी गाडी घेतो, तिच्यावर खर्च करतो आणि मग ती कुठे चालेल ते शोधू लागतो. हा क्रम उलटा हवा. आधी मालिका, मग नियमावली, त्यानंतर गाडी. प्रस्तुत नोंद इंदूरच्या मराठी वाचकाला समोर ठेवून लिहिली आहे, कारण या शहरातून हा खेळ खेळायचा तर निवडीचे बरेचसे प्रश्न अंतरामुळे उभे राहतात.

इंदूर आणि मोटार

इंदूरला मोटारीचे वेड जुने आहे. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकेतील ड्यूझनबर्ग कंपनीच्या चासीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन आसनी बॉडी बांधून घेतली होती. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या अभ्यासकांत ती आजही ओळखली जाते. सध्याचे इंदूर मोटारविश्वात परिचित आहे ते शेजारच्या पीथमपूरमुळे. धार जिल्ह्यातील या औद्योगिक गावात ‘नॅट्रॅक्स’ हे राष्ट्रीय वाहनचाचणी केंद्र असून तेथील ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळाकार हायस्पीड ट्रॅक जून २०२१ मध्ये खुला झाला. त्याची वळणे तिरपी उचललेली आहेत, त्यामुळे गाडी वेग फारसा न सोडता फिरत राहते. म्हणून कंपन्यांना कमाल वेगाच्या चाचणीसाठी तो उत्तम आहे. शर्यत शिकणाऱ्याला मात्र ब्रेक मारायला लावणारी वळणे लागतात, आणि नॅट्रॅक्सवर सर्किट शर्यतींची, म्हणजे वळणदार बंद ट्रॅकवरच्या शर्यतींची, नियमित राष्ट्रीय मालिका भरतही नाही. ‘आपल्याकडे आशियातला सर्वांत लांब हायस्पीड ट्रॅक आहे, मग शर्यतीसाठी दक्षिणेत कशाला जायचे?’ हा इंदुरात हमखास विचारला जाणारा प्रश्न इथेच निकाली निघतो.

पीथमपूरचा खरा उपयोग वेगळा आहे. अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची ‘बाहा एसएई इंडिया’ ही स्पर्धा २००७ पासून इथे रुजली. मुले एक आसनी, खडबडीत जमिनीवर चालणारी गाडी स्वतः आखतात, नळ्या वाकवून वेल्डिंग करतात, तपासणीतून पार पाडतात आणि अखेरीस चार तासांच्या सहनशक्तीच्या शर्यतीत उतरवतात. त्या चार तासांत सस्पेन्शनचे आर्म वाकतात, ॲक्सल तुटतात, संघ दुरुस्ती करून गाडी पुन्हा बाहेर काढतात. पुढे हौशी शर्यतीत येणाऱ्या अनेकांचा हात इथेच पान्यावर बसतो. इंदूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला गाडी चालवण्याइतकीच ती बांधण्याची ओढ असेल, तर त्याने दुसरीकडे पाहण्याआधी आपल्या कॉलेजच्या बाहा संघात शिरावे.

भारतातील संघटना आणि ट्रॅक

देशातील मोटारक्रीडेचे नियमन ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ म्हणजे एफएमएससीआय ही संघटना करते. स्पर्धकाचे लायसन्स, गाड्यांचे वर्ग, सुरक्षेचे नियम तिच्याकडून ठरतात. खेळाचे जुने केंद्र चेन्नई. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती अनेक वर्षे शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. पुढे क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ स्वतःचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक बांधला आणि १९९० पासून शर्यती तिथे गेल्या. दुसरे केंद्र कोइमतूर. तिथला २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखला जातो. कापडगिरणीच्या घराण्यातल्या या माणसाने मारुतीचे इंजिन वापरून स्वस्तातली एक आसनी ‘फॉर्म्युला मारुती’ गाडी उभी केली आणि श्रीमंतांपुरता असलेला खेळ पुष्कळांच्या आवाक्यात आणला. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. भारतातील हौशी शर्यतीवर इतके उपकार दुसऱ्या कोणाचे क्वचितच असतील. तिसरे ठिकाण ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, जिथे २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनची भारतीय ग्रां प्री झाली.

प्रकार

सर्किट शर्यत हा सर्वांना माहीत असलेला प्रकार. त्याशिवाय हौशी माणसासाठी निदान तीन दारे उघडी आहेत. कार्टिंगमध्ये गाडी लहान, सस्पेन्शनविना, जमिनीला चिकटलेली असते, आणि चूक केली की ती त्याच क्षणी कळते. ऑटोक्रॉसमध्ये मैदानावर शंकू मांडून आखलेला मार्ग कमीत कमी वेळात पार करायचा असतो. शंकू पाडला की सेकंदांचा दंड. मातीवर गाडी घसरते, ती सावरण्याचे शिक्षण इथे स्वस्तात मिळते.

तिसरा प्रकार टीएसडी रॅली, म्हणजे वेळ, वेग आणि अंतर यांचा मेळ. मध्य भारतातल्या नवशिक्यासाठी तो फार उपयोगी आहे. चालत्या रस्त्यावर, कायद्याच्या वेगमर्यादेत, नेहमीच्या घरच्या गाडीने तो खेळता येतो. आयोजक सकाळी रोडबुक देतात. त्यात प्रत्येक वळणाची छोटी आकृती आणि तिथवरचे अंतर असते. समजा, एका टप्प्यासाठी सरासरी वेग ताशी ३६ किलोमीटर दिला आहे आणि टप्पा १८.६ किलोमीटरचा आहे. गाडी बरोबर ३१ मिनिटांनी पोहोचली पाहिजे. तपासणीचे ठिकाण आधी सांगितलेले नसते, म्हणून प्रत्येक किलोमीटरला हिशेब जुळता लागतो. किलोमीटरला १०० सेकंद. मध्येच म्हशींचा कळप आडवा आला आणि ४० सेकंद गेले, तर ती किती अंतरात, किती वेगाने भरून काढायची हे शेजारी बसलेला नेव्हिगेटर सांगतो. लवकर पोहोचले तरी दंड असतो, आणि पुष्कळ रॅलींत तो उशिरापेक्षा जड असतो. नवरा-बायको, बहीण-भाऊ, बाप-लेक अशा जोड्या या खेळात भरपूर दिसतात, आणि नेव्हिगेटर पक्का असेल तर साध्या हॅचबॅकची जोडी मोठ्या एसयूव्हीच्या पुढे जाते.

खरी वेगाची रॅली याहून निराळी. तिच्यात रस्ता पूर्ण बंद करून एकेक गाडी सोडतात. इंदूरहून आग्रा–मुंबई महामार्गाने सुमारे ४०० किलोमीटरवर असलेल्या नाशिकला या रॅलींची मोठी परंपरा आहे. मराठी माणसांनी भरलेल्या सर्व्हिस पार्कमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त होतात त्या तळावर, हा खेळ जवळून पाहायचा असेल, तर सर्वांत सोयीची जागा तीच.

निवड कशी करावी

गाडी किती वेगवान आहे, यावरून मालिका निवडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पाहायचे ते हे, की त्या वर्गात ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, किती गाड्या असतात आणि त्यांच्या लॅपच्या, म्हणजे ट्रॅकच्या एका प्रदक्षिणेच्या, वेळा किती जवळ आहेत. कुस्तीत जोड तोलामोलाची लागली की फड रंगतो, तसेच इथे. ताकदवान इंजिनाच्या वर्गात पाचच गाड्या असतील आणि त्या चार-चार सेकंदांच्या अंतराने पळत असतील, तर माणूस एकटाच फिरून परत येतो. संथ गाड्यांच्या भरलेल्या वर्गात मात्र शेवटून तिसरा असलेल्यालाही प्रत्येक वळणावर कोणीतरी भेटते.

म्हणून एकसारख्या गाड्यांच्या मालिका हौशी माणसाला मानवतात. भारतात एलजीबी फॉर्म्युला ४ हा असा एक आसनी वर्ग आहे. त्यात मारुती स्विफ्टचे १.३ लिटर इंजिन असते. जेके टायरच्या राष्ट्रीय स्पर्धेत नवोदितांसाठी नोव्हिस कप आहे. छपराच्या गाड्या आवडत असतील तर चेन्नईकडे इंडियन टुरिंग कार्स, ज्युनिअर टुरिंग कार्स असे वर्ग आहेत, ज्यांत जुन्या मारुती एस्टीम आणि होंडा सिटी वर्षानुवर्षे पळाल्या. कंपन्यांनी काढलेल्या मालिकाही झाल्या. फोक्सवॅगनचा पोलो कप २०१० मध्ये सुरू झाला, नंतर टोयोटाने इटिऑस पळवली. अशा मालिकेत गाड्या सारख्या आणि देखभाल चोख असते. पण कंपनीचे धोरण बदलले की मालिका थांबते. टोयोटाची मालिका थांबल्यावर इटिऑस एमआरएफच्या सलून वर्गात पळाली, पण असे दरवेळी होतेच असे नाही.

परदेशात या खेळाचा पाया जास्त रुंद आहे. इंग्लंडमधील १९३९ मध्ये स्थापन झालेला ७५० मोटर क्लब स्वस्त गाड्यांच्या शर्यती हेच आपले काम मानतो. लोटस या मोटार कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन त्याच वर्तुळातून वर आले. अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका १९४४ पासून आहे आणि त्याचा ‘स्पेक मियाटा’ वर्ग एकसारख्या माझदा गाड्यांमुळे गजबजलेला असतो. तिथेच २००६ मध्ये ‘२४ अवर्स ऑफ लेमन्स’ ही मालिका निघाली. तिचा मूळ नियम असा, की सुरक्षेचे सामान वगळता गाडी ५०० डॉलरच्या आतली हवी. चार-पाच मित्र मिळून एक गाडी आळीपाळीने कित्येक तास चालवतात, त्यामुळे खर्च वाटला जातो आणि प्रत्येकाला पोटभर गाडी चालवायला मिळते. आपल्याकडे या धर्तीची दीर्घ पल्ल्याची स्वस्त मालिका रुजली, तर मध्यमवर्गीय माणसाला या खेळात येणे कितीतरी सोपे होईल.

इंदूरकरापुढे पुढचा प्रश्न गाडी ठेवायची कुठे हा. शर्यतीची गाडी नंबरप्लेटवर रस्त्याने नेण्याजोगी नसते, ट्रकवर न्यावी लागते. चेन्नई किंवा कोइमतूर इथून खूप दूर, आणि प्रत्येक फेरीला गाडी नेणे-आणणे परवडण्यासारखे नाही. त्यामुळे दोनच वाटा उरतात. एक, तिथल्याच एखाद्या संघाच्या गॅरेजमध्ये गाडी ठेवून मेकॅनिकही त्यांचाच घ्यायचा. दुसरी, ‘अराइव्ह अँड ड्राइव्ह’, म्हणजे गाडी संघाची आणि आपण फक्त हेल्मेट-सूट घेऊन शुक्रवारी हजर व्हायचे. पहिल्या दोन हंगामांसाठी दुसरी वाट निःसंशय चांगली. करार करताना मात्र एक गोष्ट लेखी घ्यावी : गाडी आदळली तर नुकसानीचा किती भाग आपल्यावर येईल. एन्ट्री फी सर्वांना दिसते. टायर, ब्रेक पॅड, सरावाचे इंधन, हॉटेल आणि तुटफूट यांनीच हंगामाचा खर्च फुगतो. पहिल्याच फेरीत सगळी पुंजी ओतणारा माणूस तिसऱ्या फेरीला दिसत नाही, आणि गुण तर सगळ्या फेऱ्या खेळणाऱ्यालाच साठवता येतात.

सुरक्षा, विमा आणि कायदा

पहिल्यांदा स्क्रुटिनीला, म्हणजे शर्यतीआधीच्या गाडीच्या तपासणीला, गेलेल्याला वाटते, की इथे अडवणूकच चालली आहे. रोल केजचे, म्हणजे गाडी उलटली तरी चालकाला जपणाऱ्या नळ्यांच्या पिंजऱ्याचे, वेल्ड तपासतात, सीटच्या पट्ट्यांची मुदत वाचतात, हेल्मेटच्या आतला शिक्का पाहतात, बाहेरून ओढता येणारा विद्युत कटऑफ खरोखर इंजिन बंद करतो का ते करून पाहतात. प्रत्येक नियमामागे कोणाचा तरी अपघात आहे. वेग ताशी १०० वरून १२० झाला की तो फक्त पंचमांशाने वाढलेला दिसतो, पण गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते आणि ती कुठेतरी जिरवावी लागते. रामबागेत किंवा लोकमान्यनगरात राहणाऱ्या ज्या आई-बाबांच्या पोटात या खेळाच्या नावाने गोळा येतो, त्यांना टीव्हीवरचे अपघात दाखवण्यापेक्षा एकदा स्क्रुटिनी दाखवावी.

रोजच्या गाडीचा विमा शर्यतीत चालत नाही. खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत ‘आयोजित शर्यत, वेगचाचणी’ हे वापर स्पष्टपणे वगळलेले असतात. टीएसडीला जातानाही आपली पॉलिसी वाचून आयोजकांशी आणि विमा कंपनीशी बोलावे. आणि सुपर कॉरिडॉर किंवा बायपासवर रात्री लावलेली पैज हा हौशी खेळाचा प्रकार नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या लेखी संमतीविना शर्यत लावणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय त्या रस्त्यावर कामावरून घरी चाललेला माणूस असतो, त्याने या खेळाला होकार दिलेला नसतो.

आनंद कशात आहे

न खेळलेल्यांना वाटते, की मजा वेगाची आहे. वेगाची सवय दोन सत्रांत होते. माणूस पुन्हा पुन्हा जातो तो चुरशीसाठी. अकराव्या जागेची एक झुंज घ्या. सरळ रस्त्यावर मागची गाडी पुढच्याच्या सावलीत येते, हवेचा विरोध घटतो, ती हळूहळू सरकत शेजारी येते. आतली बाजू धरून ती ब्रेक उशिरा मारते आणि वळणाच्या तोंडाशी पुढे जाते. पण उशिरा ब्रेक मारल्यामुळे तिला वळण अरुंद मिळते, बाहेर पडताना ती रुंद जाते. दुसऱ्याने हे ओळखून किंचित आधी ब्रेक मारलेला असतो, तो गाडी लवकर सरळ करतो, ॲक्सिलरेटर आधी देतो आणि पुढच्या सरळ रस्त्यावर पुन्हा शेजारी येतो. हे आठ लॅप चालते. दोघांनीही एकमेकांना गाडीपुरती जागा सोडलेली असते. अनोळखी माणसावर इतका विश्वास टाकावा लागणारे खेळ थोडे आहेत, आणि शर्यत संपल्यावर पहिले हस्तांदोलन त्याच दोघांचे होते.

दुसरा आनंद शिकण्याचा. टायरची पकड मर्यादित असते, ती ब्रेकला आणि वळण्याला वाटून द्यावी लागते. ब्रेकवरचा पाय किती हळू उचलला यावर गाडीचे नाक वळणार की सरळ जाणार हे ठरते. एका वळणावर सापडलेले दोन दशांश सेकंद घड्याळात लगेच दिसतात. वयाच्या चाळिशीत, धंद्यात मुरलेल्या माणसाला आपण आठवड्याभरात कशात तरी सुधारलो हे आकड्यात दिसणे दुर्मीळ असते. स्त्रिया आणि पुरुष एकाच ग्रिडवर, एकाच नियमाने उतरतात, हाही या खेळाचा मोठेपणा आहे.

गाडी न चालवताही यात शिरता येते. वळणावर उभे राहून पिवळे, निळे, लाल झेंडे दाखवणारे मार्शल बहुतांशी स्वयंसेवक असतात आणि त्यांच्याविना शर्यत सुरूच होत नाही. इंदूरहून कोइमतूरमार्गे केरळात जाणाऱ्या अहिल्यानगरी एक्स्प्रेसने एखाद्या फेरीला जावे, पॅडॉकमध्ये, म्हणजे संघांच्या तळावर, हिंडावे, ज्या वर्गात उतरायचे मनात आहे त्यातल्या मागच्या निम्म्या चालकांशी बोलावे, त्यांचा वर्षाचा खर्च आणि गेल्या हंगामात चुकलेल्या फेऱ्या विचाराव्यात. मालिका निवडायला लागणारी माहिती बरीचशी तिथेच मिळते.