एक्स्पोजर (छायाचित्रण)

छायाचित्र टिपताना कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर किंवा फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा, या मापाला एक्स्पोजर म्हणतात. समोरचा उजेड तोच असेल तर हे माप लेन्सचे ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) आणि शटर स्पीड (शटर किती वेळ उघडा राहतो ते) मिळून ठरवतात. जमा झालेल्या प्रकाशातून चित्र किती उजळ करायचे ते आयएसओ ठरवतो. ही तीन नावे हौशी छायाचित्रकाराला लवकर पाठ होतात. अडते ते पुढे. एकाच दृश्याला तेवढाच प्रकाश देणाऱ्या ॲपर्चर-शटरच्या अनेक जोड्या असतात आणि त्यांतली कोणती घ्यायची हे कॅमेऱ्याला ठरवता येत नाही, कारण फोटोत काय दाखवायचे आहे हे त्याला ठाऊक नसते. ऑटोवर काढलेले फोटो पुष्कळदा स्वच्छ पण बेचव येतात, ते याच कारणाने.

स्टॉप आणि जोड्या

प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होणे म्हणजे एक स्टॉपचा फरक. शटर १/१२५ सेकंदावरून १/२५० वर नेले की प्रकाश एक स्टॉपने घटतो. ॲपर्चरचे आकडे एफ/१.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असे चढतात आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. आकडा मोठा तर छिद्र लहान, हे नवख्याला उलटे वाटते. लेन्सच्या फोकल लेंथला (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेल्या आकड्याला) छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. म्हणून ५० मिमीच्या लेन्सवर एफ/२ म्हणजे २५ मिमी व्यासाचे छिद्र आणि एफ/४ म्हणजे साडेबारा मिमीचे.

१/५०० ला एफ/४, १/१२५ ला एफ/८ आणि १/३० ला एफ/१६ या तिन्ही जोड्यांत प्रकाश सारखाच आत येतो, पण फोटो तीन वेगळे होतात. पहिल्यात धावणारे मूल जागच्या जागी गोठते आणि मागची भिंत धूसर होते. तिसऱ्यात भिंतीची वीटन्‌वीट दिसते आणि मूल फराटा होऊन जाते. म्हणून आधी ठरवायचे ते हालचालीचे काय करायचे आणि मागचे-पुढचे किती स्पष्ट हवे. त्यानुसार एक आकडा पक्का केला की उरलेले दोन त्याच्यामागून येतात. कॅमेऱ्याच्या चकतीवरचे ए किंवा एव्ही (ॲपर्चर आपले) आणि एस किंवा टीव्ही (शटर आपला) हे मोड याच कामाचे: एक आकडा आपण द्यायचा, दुसरा कॅमेरा जुळवतो.

आयएसओबद्दल अकारण भीती फार आहे. तो वाढवला म्हणून सेन्सरवर जास्त प्रकाश पडत नाही. मिळालेला संकेत तेवढा वाढवला जातो. फोटोत दाणे दिसतात त्याचे मुख्य कारण प्रकाश कमी मिळाला हे असते. अंधाऱ्या सभागृहात आयएसओ १०० चा हट्ट धरून १/८ सेकंदाला हललेला फोटो काढण्यापेक्षा ३२०० वर नेऊन १/२५० ला दाणेदार पण स्पष्ट फोटो काढावा. दाणे नंतर बऱ्यापैकी कमी करता येतात, हललेला चेहरा दुरुस्त होत नाही.

मिनिटांपासून सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत

छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, फ्रान्सचा लुई दागेर, याने १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलवार द्यू तांप्ल या रस्त्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा एक्स्पोजर काही मिनिटांचे होते. वर्दळीचा तो रस्ता चित्रात ओस दिसतो, कारण चालती माणसे आणि गाड्या प्लेटवर उमटल्याच नाहीत. बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला गिऱ्हाईक तेवढा उमटला. गर्दीच्या देवळासमोर भर दुपारी एनडी फिल्टर (लेन्सपुढची प्रकाश अडवणारी गडद काच) लावून लांब एक्स्पोजर दिले की आजही हेच घडते. दहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो, त्यामुळे १/३० सेकंदाचे एक्स्पोजर अर्ध्या मिनिटावर जाते.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्याशी निगडित असलेले हौशी छायाचित्रकार. त्या काळच्या ओल्या कलोडियनच्या (प्रकाशाला संवेदनशील थर दिलेल्या) काचा वाळण्याआधीच वापराव्या लागत, एक्स्पोजर सेकंदांत मोजले जाई आणि ते अंदाजाने, अनुभवाने ठरे. १८७८ मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने धावत्या घोड्याची चित्रमालिका टिपली आणि दौडताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी अधांतरी असतात हे दिसले.

मीटर आणि भरपाई

कॅमेऱ्यातला मीटर वस्तूवरून परत आलेला प्रकाश मोजतो. वस्तू स्वतः पांढरी आहे की काळी, हे त्याला कळत नाही. दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत फेकणारे आहे, असे तो धरून चालतो. नव्या कॅमेऱ्यांचे मीटर चौकटीचे अनेक भाग करून हुशारीने हिशेब करतात, तरी हा कल सुटत नाही. त्यामुळे पांढरे मळकट होते आणि काळे करडे होते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचे, म्हणजे भरपाईचे, अधिक-उणे बटण यासाठी दिलेले असते. हौशी छायाचित्रकाराने कॅमेऱ्यावरचे एकच बटण शिकायचे ठरवले, तर ते हे असावे.

सप्टेंबरातल्या सकाळी कासच्या पठारावर ढग उतरलेले असताना हे स्पष्ट दिसते. चौकटीचा बहुतेक भाग धुक्याने भरलेला असतो. मीटर ते धुके करडे करतो आणि त्याबरोबर तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा जांभळा रंगही काळवंडतो. भरपाई अधिक एक स्टॉपवर नेली की धुके पांढरे होते आणि फुले उघडतात. अधिक दोनवर गेलात तर धुक्याचे थर पुसून कोरा कागद उरतो. वाऱ्याने देठ सारखे डुलत असतात, म्हणून जवळून फूल टिपताना शटर १/२५० च्या खाली नेऊ नये. इतक्या जवळून स्पष्टतेची खोली काही मिलिमीटरच उरते. त्यासाठी एफ/८ किंवा एफ/११ लागते आणि आयएसओ वाढवणे भाग पडते. चौकट साधण्यासाठी फुलांत पाय टाकू नये. तुडवलेला ताटवा त्या मोसमात परत उभा राहत नाही.

वारीत गोष्ट जास्त नाजूक असते, कारण तिथे प्रश्न माणसाच्या चेहऱ्याचा आहे. पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरे धोतर आणि मध्ये उन्हाने रापलेला चेहरा. मीटर कपड्यांकडे पाहून प्रकाश कमी करतो आणि वारकऱ्याचे डोळे काळोखात जातात. ढगाळ उजेडात अधिक दोन-तृतीयांश ते एक भरपाई द्यावी आणि सदऱ्याच्या चुण्या शाबूत आहेत ना ते पाहावे. भर उन्हात दोन्ही सांभाळता येत नसतील तर चेहरा सांभाळावा.

कोजागरीच्या चंद्राचे उलट होते. चौकटीत काळे आकाशच जास्त, म्हणून मीटर प्रकाश वाढवतो आणि चंद्राची पांढरी टिकली होते. चंद्र हा थेट उन्हात असलेला खडक आहे, हे ध्यानात ठेवले की सेटिंग आपोआप सुचते. कडक उन्हासाठी एफ/१६ आणि आयएसओइतका शटर हा जुना नियम आहे. पूर्ण चंद्राला एक स्टॉप जास्त द्यायचा. आयएसओ १०० ला एफ/११ आणि १/१००, किंवा एफ/८ आणि १/२०० घेतले की चंद्रावरचे डाग दिसू लागतात. वेरूळच्या काळ्या बेसाल्टलाही मीटर असाच नको तितका उजळतो. तिथे उणे एक स्टॉपपर्यंत उतरावे.

हिस्टोग्राम

मागच्या पडद्यावरचा फोटो पाहून एक्स्पोजर ठरवू नये. उन्हात तो गडद दिसतो, रात्री लख्ख. हिस्टोग्राम पाहावा, म्हणजे डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ भाग किती आहेत ते दाखवणारा आलेख. आलेख उजव्या भिंतीला टेकून कापला गेला असेल तर तेवढ्या भागातला तपशील गेला. यात एक खाच आहे. साधा आलेख एकूण उजळपणाचा असतो आणि त्यात हिरव्या रंगाचे वजन सर्वांत जास्त. विसर्जन मिरवणुकीतला गुलाल किंवा दसऱ्याच्या झेंडूचा ढीग टिपताना हा आलेख ठीक दिसतो, पण लाल रंगाचा स्वतंत्र आलेख केव्हाच कापला गेलेला असतो. मग गुलालाचे कण, पाकळ्यांच्या कडा नाहीशा होऊन एकसारखा रंगाचा डाग उरतो. अशा वेळी तिन्ही रंगांचे वेगळे आलेख लावावेत आणि अर्धा ते एक स्टॉप खाली घ्यावे. शक्य तर रॉ फाइल (सेन्सरवरची प्रक्रिया न केलेली माहिती) ठेवावी: जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४.

हात, घोडा आणि शटर

हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी शटर फोकल लेंथइतका तरी ठेवावा: २०० मिमीला १/२००, आणि लहान एपीएस-सी सेन्सर असेल तर १/३००. लेन्समधली स्थिरीकरणाची सोय हाताचा कंप कमी करते, समोरच्या माणसाची हालचाल नव्हे. गोल रिंगणात धावणाऱ्या अश्वाचे खूर आणि उडालेली माती गोठवायची तर १/१००० किंवा त्याहून जलद शटर लागते. त्याऐवजी १/६० वर ठेवून कॅमेरा घोड्याच्या वेगाने सोबत फिरवत नेला, तर घोडा बराचसा स्पष्ट आणि मागची गर्दी आडव्या रेघांत वाहणारी अशी चौकट मिळते. दहातले आठ फोटो वाया जातात, पण वेग पहिल्या प्रकारापेक्षा या दुसऱ्या प्रकारात अधिक जाणवतो.

काजवे

मेअखेरीपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या परिसरात झाडेच्या झाडे काजव्यांनी लुकलुकतात. एक्स्पोजर समजून घ्यायला याहून चांगला धडा नाही. काजव्याची चमक क्षणभराची असते, त्यामुळे शटर दहा सेकंद उघडा ठेवला काय किंवा तीस, एका चमकेचा ठिपका तेवढाच उजळ येतो. त्याची उजळी फक्त ॲपर्चर आणि आयएसओवर अवलंबून. शटर वाढवला की वाढते ती ठिपक्यांची संख्या आणि मागच्या आकाशाची उजळी. फ्लॅशच्या प्रकाशालाही हाच नियम लागू आहे.

म्हणून एफ/२ च्या आसपासची लेन्स, आयएसओ १६०० ते ३२००, २० ते ३० सेकंदांचा शटर आणि ट्रायपॉड. झाडावर फोकस अंधार पडण्याआधीच करून लेन्स मॅन्युअलवर टाकावी. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमधले दाणे कमी करण्याची सोय) बंद ठेवावे. ते चालू असले की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ काळी चौकट घेत बसतो. ओळीने घेतलेल्या चौकटी नंतर संगणकावर लाइटन मोडमध्ये (प्रत्येक ठिकाणी सर्वांत उजळ ठिपका राखून) एकावर एक रचतात. अशा चित्रात कोणत्याही एका क्षणी डोळ्यांना दिसले त्याहून कितीतरी जास्त काजवे असतात. तेव्हा ते रचलेले चित्र आहे हे खाली लिहावे. टॉर्च, मोबाइलचा पडदा, गाडीचे दिवे बंदच ठेवावेत. काजवे प्रकाशाच्या खुणांनी जोडीदार शोधतात आणि आपल्या उजेडाने त्या खुणा बुडतात. पुढे पावसाळा लागतो, त्यांना वेळ थोडा असतो.

दिव्यांचे पट्टे

भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने ट्यूबलाइट आणि पुष्कळ एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. मंडपात १/५०० ला काढलेल्या फोटोत आडवे काळपट पट्टे येतात किंवा लागोपाठचे दोन फोटो वेगळ्या रंगाचे निघतात, ते यामुळे. शटर १/१०० किंवा १/५० ठेवला की दिव्याच्या पूर्ण आवर्तनांचा प्रकाश मिळतो आणि पट्टे जातात. नाटकाच्या रंगमंचावरचे एलईडी निराळ्या गतीने लुकलुकू शकतात. तिथे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून यांत्रिक शटर वापरावा.

मोबाइल

बहुतेक मोबाइलच्या कॅमेऱ्यात ॲपर्चर बदलत नाही. शटर आणि आयएसओ एवढेच हलते आणि अनेक चौकटी जुळवून एक फोटो तयार होतो. तरी भरपाई तिथेही आहे. चेहऱ्यावर बोट दाबून धरले की फोकस आणि एक्स्पोजर बांधले जाते. मग बाजूला येणारे सूर्याचे चिन्ह वर-खाली सरकवावे. धुक्यात वर, चंद्राला आणि काळ्या दगडाला खाली.