समुद्री प्राण्यांची कवचे

पाठीचा कणा नसलेल्या समुद्री प्राण्यांनी स्वतःभोवती तयार केलेली संरक्षक आवरणे. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर आणि मासळी बाजारात कालवे, तिसऱ्या, शंख, चिंबोरी, शेवंड यांच्या रूपाने ती रोज दिसतात.

शिंपले व शंख यांच्या कवचात वजनाने ९५ ते ९९ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते. ते कॅल्साइट किंवा ॲरागोनाइट या स्फटिकरूपांत आढळते. उरलेला भाग मुख्यतः प्रथिने व कायटिन हा चिवट, तंतुमय पदार्थ यांचा. हे सारे घटक प्रावार या मांसल पडद्यातून स्रवतात. दोन्ही खनिजे मुळात ठिसूळच. बळकटी येते ती मांडणीतून. काही शिंपल्यांच्या आतल्या, मोत्यासारख्या झळाळत्या थरात ॲरागोनाइटच्या सुमारे अर्धा मायक्रोमीटर जाडीच्या चकत्या विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये प्रथिनांचा अतिशय पातळ लेप असतो. तडा गेलाच तर तो आरपार जात नाही. चकत्यांना वळसे घेत, लेप ताणत पुढे सरकतो आणि त्यातच त्याचा जोर सरतो. हा थर तोडायला नुसत्या ॲरागोनाइटच्या सुमारे ३,००० पट ऊर्जा लागते, असे मापन आहे. हेच शिंपले भट्टीत भाजले की प्रथिने जळतात, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो कळीचा चुना.

चिंबोरीचे कवच वेगळे. त्यात कायटिन व प्रथिनांच्या तंतूंचे थर एकमेकांशी थोडे फिरवून बसवलेले असतात आणि त्यांत कॅल्शियम कार्बोनेट भरलेले असते. नांगीत खनिज भरपूर, सांध्यांच्या पडद्यात जवळजवळ नाही. वाढायचे तर कात टाकावी लागते. नवे कवच समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम घेऊन टणक होईपर्यंत चिंबोरी लपून राहते. या काळात तिच्यात मांस कमी, पाणी जास्त. कोळणीसमोर चिंबोरी दाबून पाहणारे गिऱ्हाईक एका अर्थी हेच तपासत असते.

इंग्रज प्रवासी जॉन फ्रायर १६७० च्या दशकात मुंबईत आला, तेव्हा इथल्या काही घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चौकोनी कापून घासलेले शिंपले होते. पश्चिम किनाऱ्यावर अशा तावदानांसाठी प्लाक्युना प्लासेंटा हा चपटा शिंपला वापरत. त्याच्या कवचात सुमारे ९९ टक्के कॅल्साइट असूनही दृश्य प्रकाशापैकी जवळपास ८० टक्के आरपार जातो. टोकदार वस्तूचा घाव बसला तर त्यातल्या स्फटिकांची रचना घावाजवळच बदलते आणि मोडतोड तेवढ्याच जागेपुरती राहते, असे अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले.